घशातला गोळा आणि ‘सगळं नॉर्मल’ असलेले रिपोर्ट

प्रश्न : मी ४६ वर्षांची, सांगलीत गावभागात राहते. गणपतीत घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं, आता पाडवा आला तरी ते तसंच आहे. गळ्याच्या खळगीच्या जरा वर, बोराएवढा गोळा. दिवसभर आवंढे गिळते, खाकरते, पण ना तो खाली जातो ना बाहेर येतो. मधूनच छातीत जळजळतं. गंमत म्हणजे जेवायला बसलं की गोळा जाणवत नाही, भाकरीसुद्धा नीट उतरते. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, थायरॉईड तपासलं, मिरजेत एंडोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. पँटोप्राझोल ४० रोज सकाळी घेते, सहा महिने झाले, काही फरक नाही. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. सासरे दोन वर्षांपूर्वी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले, त्यांचं सगळं मीच केलं. आता भीतीने भडंग, चिवडा, टोस्ट असं कोरडं खाणं बंद केलंय. पुण्याला जाऊन पुन्हा एंडोस्कोपी करून घेऊ का? आणि रिपोर्टमध्ये काहीच नाही, तर हे आहे तरी काय?
– एक वाचक, सांगली

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ‘गंमत म्हणजे’ म्हणून मध्येच कुठेतरी टाकून दिलंय. जेवताना गोळा जाणवत नाही आणि भाकरी नीट उतरते. चाळीस मिनिटं रांगेत बसून आलेला पेशंट हे सांगायचं विसरतो, आणि डॉक्टरही घाईत असले की विचारायचं विसरतात. मला ते तुमच्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं वाटतं.

अन्ननलिकेत खरोखर काही वाढत असेल, तर त्याचं पहिलं भांडण घासाशी होतं. आधी भाकरी अडते, मग चपाती, मग भात, शेवटी पेज आणि पाणीसुद्धा. काही आठवड्यांत-महिन्यांत माणूस एकेक पायरी उतरत जातो आणि अंगावरचे कपडे सैल होत जातात. सासऱ्यांच्या वेळी ही उतरंड तुम्ही डोळ्यांनी पाहिली असणार. तुमचं नेमकं उलटं आहे. खरा घास आला की रस्ता मोकळा, आणि गिळायला काहीच नसलं की गोळा. शिवाय सासऱ्यांशी तुमचं नातं लग्नाचं, रक्ताचं नव्हे. त्यांचा आजार वारशाने तुमच्याकडे यायचा काही मार्गच नाही.

या दुखण्याला नाव आहे, आणि ते ऐकलं तर तुम्हाला हसू येईल : ग्लोबस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोळा. म्हणजे तुम्ही स्वतःच रोगाचं अचूक नाव सांगत होता, फक्त मराठीत. आपल्या आज्या ‘वायगोळा वर आला’ म्हणायच्या, त्यातल्या काही जणींना बहुधा हेच होत असावं. जुन्या वैद्यकात याला ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ म्हणत. हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला. म्हणजे बाईच्या घशात गोळा आला की दोष तिच्या बाई असण्याचा! १७०७ साली जॉन पर्सेल या डॉक्टरने याचं नीट वर्णन केलं, पण ‘हिस्टेरिकस’ हे शेपूट पुढे अडीचशे वर्षं टिकलं. १९६८ मध्ये माल्कमसन या डॉक्टरने दाखवून दिलं की अशा बहुतेक पेशंटना हिस्टेरिया वगैरे काही नसतो, आणि त्याने नाव बदलून ‘ग्लोबस फॅरिंजियस’, म्हणजे घशातला गोळा, असं साधं केलं. वैद्यकाच्या पुस्तकांतून ते शेपूट गळून पडलं. तुमच्या घरात ते अजून वळवळतंय, त्याबद्दल शेवटी बोलू.

आता एक प्रयोग करा. जवळ पाणी ठेवू नका आणि लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळून बघा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला घसा अडून बसेल, आणि पाचव्याला काहीतरी आडवं आल्यासारखं वाटेल. हाच प्रयोग घरातल्या सगळ्यांना करायला लावा. त्यांच्याही घशात गोळा येईल. गिळण्याची क्रिया चालायला तोंडात काहीतरी लागतं. लाळ संपली की घशाचे स्नायू रिकामेच ओढले जातात, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं, जे एरवीही मिटलेलंच असतं, ते आपल्याला जाणवायला लागतं. तुम्ही सात महिने दिवसभर हेच करताय. गोळा वाटतो म्हणून गिळायचं, गिळलं की गोळा वाढतो, वाढला म्हणून पुन्हा गिळायचं. खाकरण्याचंही तेच. प्रत्येक खाकरणं म्हणजे स्वरयंत्राच्या दोन पडद्यांनी एकमेकांना मारलेली थप्पड. मग तिथे चुरचुरतं, आणि ते चुरचुरणं घालवायला आपण पुन्हा खाकरतो.

तरीही ‘सगळं नॉर्मल’ या शब्दांवर तुमचा राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. एंडोस्कोपी आकार दाखवते : जखम, गाठ, सूज, अरुंद झालेली जागा. नलिका चालते कशी आणि तिला जाणवतं कसं, हे ती दाखवत नाही. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची ही नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिला स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत, आणि मेंदूशी तिचं सतत बोलणं चालू असतं. आकार ठीक असताना या बोलण्यात बिघाड झाला, तर त्याला अन्ननलिकेचा कार्यात्मक विकार म्हणतात. जगभरचे पोटविकारतज्ज्ञ यासाठी ‘रोम निकष’ वापरतात. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या चौथ्या आवृत्तीत अन्ननलिकेचे असे पाच विकार आहेत : घशातला गोळा, कार्यात्मक जळजळ, आम्लाची अतिसंवेदना, हृदयाशी संबंध नसलेलं कार्यात्मक छातीदुखणं आणि कार्यात्मक गिळण्याचा त्रास. गोळ्याच्या अटी तुम्हीच तुमच्या पत्राशी ताडून बघा. गोळा दुखत नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळात येतो. घास अडत नाही, गिळताना दुखत नाही. तपासणीत दुसरं कारण सापडत नाही. आठवड्यातून निदान एकदा तरी होतो, गेले तीन महिने आहे आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची आहे. गणपती ते पाडवा, सात महिने झाले. म्हणजे डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणायला नको होतं. ‘ग्लोबस आहे’ म्हणायला हवं होतं. या दोन वाक्यांत फरक फार आहे. पहिलं ऐकून माणूस घरी जातो आणि पुढच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो.

छातीतल्या जळजळीचं थोडं वेगळं आहे. तुम्ही गावभागातल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आयर्विन पुलाखाली कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि तुमच्या गल्ल्यांतून बोटी फिरल्या. त्यानंतर किती घरांत असं झालं, की जुलैत पाऊस लागला आणि पाणी २० फुटांवर असलं तरी आजी रात्री दोनदा उठून मोबाइलवर पातळी बघते? नदी खोटं बोलत नाही, आजीही खोटं बोलत नाही. फक्त आजीच्या आतला भोंगा आता ४० ऐवजी २० लाच वाजतो. अन्ननलिकेचंही असं होतं. जठरातलं आम्ल थोडंफार वर येणं हे प्रत्येकाचं असतं. दिवसाच्या चार टक्क्यांपर्यंत, म्हणजे चोवीस तासांत साधारण ५८ मिनिटांपर्यंत, अन्ननलिकेत आम्ल असणं नॉर्मल धरतात. सहा टक्क्यांच्या वर गेलं तर तो खरा पूर. काहींचं पाणी इशारा पातळीच्या खूप खाली असतं, तरी जितक्या वेळा थोडंसं वर येतं तितक्या वेळा भोंगा वाजतो. ती अतिसंवेदना. आणखी काहींचा भोंगा पाण्याशी संबंध नसतानाच वाजतो. ती कार्यात्मक जळजळ. दोन्हींत होणारी जळजळ शंभर टक्के खरी असते.

पँटोप्राझोल काय करतं? धरणातून सोडलं जाणारं पाणी, म्हणजे जठरात तयार होणारं आम्ल, कमी करतं. भोंगा दुरुस्त करत नाही. पाणी मुळात कमीच असेल तर गोळी सहा महिने घ्या की सहा वर्षं, फरक पडणार कुठून? एक मात्र आधी विचारतो : गोळी घेता कधी? ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते. सकाळी गोळी घेऊन दुपारी एकलाच काही खाणारे, किंवा नाश्त्यानंतर आठवण झाली म्हणून घेणारे मी रोज बघतो. तुम्ही ती नीट वेळेवर घेऊनही आठ आठवड्यांत काही झालं नसेल, तर ती चालू ठेवायला कारण उरत नाही. पण एका झटक्यात बंद करू नका. इतके महिने दाबलेलं आम्ल सुरुवातीला उसळी मारतं, आणि माणूस घाबरून म्हणतो, बघा, मला गोळी लागतेच. डॉक्टरांना विचारून आधी ४० ऐवजी २० मिलिग्रॅमवर, मग दिवसाआड, मग बंद. दुखण्याच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांना ते आधी सांगा, कारण मग पोटाच्या रक्षणासाठी ही गोळी लागू शकते.

पुन्हा एंडोस्कोपी? माझ्या मते नको. आहे त्या एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांना फोनवर एकच विचारा : नलिकेच्या अगदी वरच्या टोकाला जठरासारख्या अस्तराचा लालसर चट्टा नाही ना, हे पाहिलं होतं का? दुर्बीण त्या जागेवरून पटकन सरकते आणि तो चट्टा नजरेतून सुटू शकतो. असेल तर गोळ्याचं कारण तिथे असू शकतं. ‘पाहिलं, नव्हता’ असं उत्तर आलं तर तो विषय मिटला. चार एंडोस्कोप्या केलेले लोक मला भेटतात. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट त्यांना आठ-दहा दिवस पुरतो, मग पुन्हा शंकेची पाल चुकचुकते. भीतीला तपासणी खाऊ घातली की तिची भूक वाढते.

मी तपासण्यांच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नका. माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. एंडोस्कोपी स्वच्छ. हंगामात पाऊस पडलेला, बागेवर कर्ज, माणूस खचलेला. मी म्हटलं, ताण आहे. ते जाता जाता म्हणाले, ‘डॉक्टर, पाणीबी अडतंय, आन् रातच्याला उशीवर येतंय.’ मी ते कानाआड केलं. दहा महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांची मॅनोमेट्री केली. नाकातून बारीक नळी घालून, घोटघोट पाणी पाजून नलिकेचे दाब मोजतात ती. अकलेशिया निघाला. यात नलिकेचं खालचं दार गिळताना उघडतच नाही, आणि सुरुवातीला एंडोस्कोपी साफ दिसू शकते. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडणं आणि रात्री न पचलेलं अन्न तोंडात येणं, ही त्याची खूण त्यांनी माझ्यासमोर ठेवली होती. तेव्हापासून ‘ताण’ हा शब्द उच्चारण्याआधी मी घास नेमका कसा जातो ते दोनदा विचारतो.

म्हणून ज्यांचा घास खरोखर अडतो, त्यांनी या उत्तरावर समाधान मानू नये. त्यांची एंडोस्कोपी करताना वरवर नॉर्मल दिसणाऱ्या अस्तराचेही तुकडे तपासणीला घ्यावे लागतात, कारण ॲलर्जीच्या पेशींनी आलेली सूज डोळ्यांना दिसेलच असं नाही. ते साफ असेल तर मॅनोमेट्री. आणि ज्यांचं मुख्य दुखणं जळजळ आहे, गोळीने जात नाही, त्यांच्यासाठी चोवीस तास आम्ल मोजणारी पीएच तपासणी. आधी आम्लाचा आजार सिद्ध झालेला नसेल तर ती आम्लाची गोळी काही दिवस बंद ठेवून करतात, नाहीतर धरणाचे दरवाजे बंद करून पूर मोजल्यासारखं होतं. तुमची जळजळ ‘मधूनच’ आहे, त्यामुळे तुम्हाला ती आज लागेल असं मला वाटत नाही. गोळी सुटल्यावर जळजळ आठवड्यातून दोन-तीनदा येत राहिली तर ही तपासणी कुठे करतात याची चौकशी करा.

आता उपाय. खाकरणं आणि कोरडे आवंढे थांबवायचे, हा पहिला आणि निम्म्याहून अधिक उपाय. ‘गिळायचं नाही’ असं ठरवून ते जमत नाही, मन तिथेच जाऊन बसतं. जवळ पाण्याची बाटली ठेवा. गिळावंसं वाटलं की एक घोट. खाकरावंसं वाटलं की एक घोट. दिवसातून चार-पाच वेळा मुद्दाम मोठी जांभई द्या, जबडा सैल सोडून, ‘हा’ असा आवाज काढत. जांभईत घसा रुंद होतो आणि स्वरयंत्र खाली उतरतं. मान आणि खांदे फिरवा. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ हेच व्यायाम शिकवतात. आवाज आणि गिळणं हा त्यांचाच प्रांत आहे, नुसती तोतरी मुलं नव्हे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पोटाने श्वास घ्या : हात बेंबीवर, श्वास घेताना हात वर आला पाहिजे, छाती नाही. सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. हे कुणी योगासनांच्या वर्गात शिकवलं असेल तर उत्तमच. छातीतली जळजळ आणि ढेकरा, दोन्हीला याचा उपयोग होतो.

पथ्याची लांबलचक यादी मी देणार नाही. सांगलीत राहून तिखट सोडा असं सांगणाऱ्या डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, आणि गोळ्याचा तिखटाशी संबंधही नाही. ज्याने जळजळ होते ते तुम्हाला कळतंच, तेवढंच कमी करा. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटपा.

दीड-दोन महिन्यांत यानेही भागलं नाही, तर डॉक्टर तुम्हाला अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री घ्यायला सांगतील. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलात की कुणीतरी सांगेल, ही तर डोक्याची गोळी. खरं आहे, नैराश्यासाठी हीच देतात, पण ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या घरात. १० मिलिग्रॅममध्ये ती मज्जातंतूंचा भोंगा हळू करते. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीला आणि अर्धशिशीलाही आम्ही तीच देतो. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला सकाळी सुस्ती येते, बद्धकोष्ठ होतं आणि तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडाने गोळा जास्त जाणवू शकतो, म्हणून पाण्याची बाटली सोडायची नाही. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. तुमच्या पँटोप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध मिसळलेलं असेल तर तेही दाखवा. दोन्ही औषधं हृदयाच्या तालावर परिणाम करतात, ती एकत्र नकोत.

पूर्ण जाईल का? बऱ्याच जणांचा गोळा हळूहळू विरतो. काहींचा वर्षानुवर्षं येतो-जातो, एखाद्या कंटाळवाण्या पाहुण्यासारखा. त्याचा कॅन्सर होत नाही.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत : वजन, आणि मशेरी-तंबाखू. मशेरी लावत असाल तर ती गोळ्यासाठी नाही, तुमच्या तोंडासाठी आणि अन्ननलिकेसाठी सोडा. वजन आपोआप उतरत असेल, घास अडायला लागला, गिळताना दुखलं, गोळा एकाच बाजूला टोचू लागला किंवा कानात कळ येऊ लागली, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, मानेत गाठ लागली, उलटीत रक्त दिसलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि छाती दाबल्यासारखी वाटून घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर पित्त समजून सोडा पीत बसायचं नाही. आधी ईसीजी.

आता घरच्यांचं. ‘मनाचे खेळ’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त बोचतं. सासऱ्यांना तुम्ही काही महिने घोटघोट पेज पाजलीत, त्यांच्या प्रत्येक गिळण्याकडे डोळे लावून बसलात, आणि पत्रात ते अर्ध्या ओळीत उरकलंत. कुणाच्या तरी घशाकडे इतके दिवस बघितल्यावर स्वतःच्या घशाकडे लक्ष जाणार नाही तर काय? मराठीत आवंढा हा शब्द लाळेलाही आहे आणि दाबलेल्या रडण्यालाही. याचा अर्थ तुम्ही नाटक करताय असा नाही. लक्ष जिथे जातं तिथल्या मज्जातंतूंचा आवाज मोठा होतो, एवढंच. त्या महिन्यांबद्दल कुणाशी तरी नीट बोला. यजमान ऐकणार असतील तर त्यांच्याशी, नाहीतर समुपदेशकाशी. सतत तपासत राहण्याची सवय मोडायला विचार-वर्तन उपचारांचा चांगला उपयोग होतो, आणि ते घेणारा माणूस वेडा नसतो. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या, आणि आवंढ्याचा तो प्रयोग त्यांच्याकडून समोर बसून करून घ्या.

भडंग मात्र याच आठवड्यात सुरू करा, तेही औषधच आहे. संध्याकाळी चहाबरोबर, एकट्याने नाही, गप्पा मारत, पहिल्या दिवशी मूठभर. चावून खा, पण प्रत्येक घासाचा माग काढत बसू नका. सलग चार दिवस खाऊन बघा. एकदाही अडलं नाही तर पाचव्या दिवशी टोस्ट, मग चिवडा. खरोखर अडलंच, तर ती माझ्यासाठी नवी माहिती असेल. मग मला पुन्हा लिहा, आणि डॉक्टरांना भेटून मॅनोमेट्रीबद्दल विचारा.